आजच्या आवडीवरून जुने रॉक बँड शोधताय? या चुका टाळा

आजची अमेरिकी पॉप गायिका ऑलिव्हिया रॉड्रिगो ऐकणाऱ्या मुलीला घरातलं कुणीतरी मोठं माणूस सांगतं, ‘हे काय ऐकतेस, पिंक फ्लॉइड ऐक.’ ती बिचारी मनापासून ऐकायला बसते, तिसऱ्या गाण्यापर्यंत कंटाळते आणि जुनं रॉक आपल्यासाठी नाहीच असं ठरवून मोकळी होते. ग्वाल्हेरच्या मराठी घरांमधून हे इतक्या वेळा पाहिलंय की आता यावर लिहायलाच हवं. त्या मुलीच्या कानात काही खोट नसते आणि फ्लॉइडमध्येही नसते. तिच्या आवडीचे पूर्वज वेगळे असतात, आणि त्यांची गाठ कुणी घालून दिलेली नसते.

‘महान अल्बम’ची यादी घेऊन बसणं

बहुतेक जण इथेच गळतात. इंटरनेटवर ‘जगातले 100 सर्वोत्तम रॉक अल्बम’ असं काहीतरी उघडायचं आणि एक नंबरपासून सुरू करायचं. अशी यादी म्हणजे समीक्षकांच्या मतांची बेरीज. तुम्हाला गिटार खरखरीत आवडते की गोड, हे तिला कुठून कळणार?

खरं तर ग्वाल्हेरात हे समजावून सांगायची गरज पडू नये. तानसेन समारोहात नवा गवई ऐकला की मांडवातून बाहेर पडताना आपण पहिलं काय विचारतो? गुरू कोण? कुमार गंधर्वांच्या गाण्यानं वेड लावलं की माणूस देवधर मास्तरांकडे वळतो, तिथून विष्णु दिगंबर पलुस्कर, मग बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, मग वासुदेवबुवा जोशी आणि शेवटी हस्सू खाँ, म्हणजे फिरून आपल्याच गावात. रॉकमध्येही अशीच परंपरा आहे, आणि तिथले कलाकार ती लपवत नाहीत.

रॉड्रिगोचंच उदाहरण घ्या. तिच्या 2021च्या ‘ब्रूटल’ या गाण्यातली गिटार इंग्लिश गायक एल्व्हिस कॉस्टेलोच्या 1978च्या ‘पंप इट अप’शी जुळते, अशी कुजबुज झाली. त्यावर खुद्द कॉस्टेलोनंच जाहीरपणे सांगितलं की माझी काही हरकत नाही, रॉक अँड रोल असंच चालतं, मीही तेच केलं होतं. आणि आपण कुणाकडून घेतलं तेही सांगितलं: बॉब डिलनचं 1965चं ‘सबटेरेनियन होमसिक ब्लूज’ आणि चक बेरीचं 1956चं ‘टू मच मंकी बिझनेस’. म्हणजे एका ओळीत 65 वर्षं. चारही गाणी एकापाठोपाठ लावा, बारा मिनिटंही लागत नाहीत. चक बेरी नोकरी, बिलं, शाळा, फौज अशा रोजच्या कटकटींचा पाढा वाचतो. दम न घेता, जवळजवळ बोलल्यासारखा. डिलन त्याच चालीनं शब्दांचा मारा करतो. कॉस्टेलो त्याला चिडकी धार लावतो. आणि रॉड्रिगो सतरा-अठरा वर्षांच्या मुलीच्या तक्रारींचा पाढा वाचते. ‘ब्रूटल’ ज्याला भिडलं त्याला चक बेरी परका वाटणारच नाही; फक्त मधली दोन गाणी गाळून चालणार नाही.

निर्वाणा या बँडचंही तसंच. ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ लिहिताना आपण पिक्सीजची नक्कल करू पाहत होतो, हे त्यांचा गायक कर्ट कोबेननं मुलाखतीत सांगितलेलं आहे. कडवं हळू, धृपद अंगावर येणारं, ही पिक्सीजची रीत. त्यांचा 1989चा ‘डूलिटल’ लावा, कळेल.

आपल्याला नेमकं काय आवडतं ते न तपासणं

‘मला आर्क्टिक मंकीज आवडतात’ एवढ्यावर कुणीही तुम्हाला योग्य जुना बँड सुचवू शकत नाही. 2013च्या ‘एएम’ अल्बममधल्या जड, संथ गिटारवर जीव जडला असेल तर ब्लॅक सॅबथचा 1970चा ‘पॅरानॉइड’ तुमचाच आहे. पण त्यांच्या सुरुवातीच्या अल्बममधलं गल्लीतल्या पोरांचं, रात्रीच्या भटकंतीचं बारीक वर्णन आवडत असेल तर सॅबथकडे त्यातलं काही मिळणार नाही. तिथे द किंक्स, द जॅम आणि द स्मिथ्स हवेत. बँड एकच, वाटा दोन.

म्हणून आवडतं गाणं दोनदा ऐका. एकदा गाणाऱ्याकडे पूर्ण दुर्लक्ष करून फक्त ड्रम्स आणि बेस. मग फक्त आवाज आणि शब्द. कुठल्या खेपेला अंगावर काटा आला ते लिहून ठेवा आणि त्यावरून पुढचा बँड निवडा. लिंकिन पार्कमधला यंत्रांचा आवाज आवडणाऱ्यानं डिपेश मोड आणि नाइन इंच नेल्सकडे जावं. त्यांचा गायक चेस्टर बेनिंग्टनचा गळा आवडणाऱ्यानं स्टोन टेंपल पायलट्स लावावेत. तो त्या बँडचा चाहता होता आणि 2013 ते 2015 त्यांच्याकडे गायलाही. ब्लडीवुडमधला रॅप आणि जड गिटारचा मेळ आवडणाऱ्याला रेज अगेन्स्ट द मशीनचा 1992चा पहिला अल्बम पुरेसा आहे. इंडियन ओशनमधली भारतीय सुरांची रॉकशी सांगड आवडणाऱ्यांसाठी तर एक खास दार आहे: लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट 1972मध्ये मुंबईत आले होते आणि तिथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी नव्यानं ध्वनिमुद्रित केली होती. 2015मध्ये ‘कोडा’ अल्बमच्या वाढीव आवृत्तीत ती बाहेर आली. झेपलिनशी ओळख तिथून करा.

आणि एका माणसाकडे फार कमी लोक लक्ष देतात, तो म्हणजे अल्बमचा आवाज घडवणारा निर्माता. कोल्डप्लेच्या 2008च्या ‘व्हिवा ला व्हिडा’ अल्बमच्या निर्मात्यांत ब्रायन ईनो होता. याच ईनोनं डॅनियल लॅन्वाच्या जोडीनं यू टूचा 1987चा ‘जोशुआ ट्री’ केला, आणि त्याआधी 1980मध्ये टॉकिंग हेड्सचा ‘रिमेन इन लाइट’. 2025मध्ये कोल्डप्लेसाठी अहमदाबादपर्यंत जायची तयारी होती, तर या दोन अल्बमना एक-एक संध्याकाळ द्यायला हरकत नाही.

नाव तेच, बँड निराळा

ही चूक सगळ्यात फसवी. 2020मध्ये ‘ड्रीम्स’ हे गाणं एका छोट्या व्हिडिओमुळे पुन्हा गाजलं आणि पुष्कळ तरुण मुलं फ्लीटवूड मॅकपर्यंत पोचली. ते गाणं 1977च्या ‘रूमर्स’मधलं. मग सुरुवातीपासून ऐकू म्हणून कुणी त्यांचा 1968चा अल्बम लावतं आणि गोंधळून जातं, कारण तो पीटर ग्रीनचा पक्का ब्लूज (रॉकच्या आधीची, अमेरिकी कृष्णवर्णीयांची गायनशैली) वाजवणारा बँड आहे. स्टीव्ही निक्स आणि लिंडसी बकिंगहॅम आले त्यानंतर सहा-सात वर्षांनी. दोन्ही बँड उत्तम आहेत, पण एकाच्या आवडीवरून दुसरा आवडेलच असं नाही.

जेनेसिसचं तेच: 1975पर्यंत पीटर गॅब्रिएल, पुढे गायला फिल कॉलिन्स. ब्लॅक सॅबथमध्ये 1980च्या ‘हेवन अँड हेल’वर मूळ गायक ऑझी ऑस्बर्नच्या जागी रॉनी जेम्स डिओ. फ्लॉइडचा 1967चा पहिला अल्बम सिड बॅरेटच्या डोक्यातून आलेला, 1973चा ‘डार्क साइड ऑफ द मून’ त्याच्याशिवायचा. अल्बम लावण्याआधी तेव्हा कोण गात होतं आणि गाणी कोण लिहीत होतं एवढं बघून घ्या.

फक्त ‘ग्रेटेस्ट हिट्स’

‘हॉटेल कॅलिफोर्निया’ आपल्याकडे गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. म्हणून लोक ईगल्सचा प्रचंड खपलेला हिट्सचा अल्बम लावतात आणि त्यात ते गाणंच सापडत नाही. तो संग्रह आला फेब्रुवारी 1976मध्ये, आणि ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ त्याच वर्षीच्या डिसेंबरात. क्वीन किंवा क्रीडेन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलची सुरुवात संग्रहापासून खुशाल करा, ती सुट्या गाण्यांची माणसं आहेत. फ्लॉइडच्या बाबतीत मात्र नको, त्यांच्या अल्बममधली गाणी एकमेकांना जोडलेली असतात.

आवाज पातळ, गायक गायब

इथे आवडीचा प्रश्नच नसतो, बिघाड असतो. माझा भाचा एकदा फोन घेऊन आला, ‘मावशी, या बीटल्सच्या गाण्यात गाणारंच कुणी नाही.’ आई हाक मारेल म्हणून तो एकाच कानात इअरबड घालून ऐकत होता, तोही डाव्या. गाणं 1963चं. त्या काळी ध्वनिमुद्रण दोन ट्रॅकवर व्हायचं आणि स्टिरिओ करताना वाद्यं एका बाजूला, आवाज दुसऱ्या बाजूला असे सरळ वाटून दिले जायचे. दुसरा इअरबड घातला आणि जॉन, पॉल दोघंही हजर झाले. तेव्हा घरोघरी मोनो, म्हणजे सगळा आवाज एकत्रच देणारे, रेकॉर्ड प्लेअर होते, म्हणून बीटल्स आणि त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिन यांनी जीव ओतला तो मोनो आवृत्तीवर.

उपाय सोपा आहे. फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत ‘मोनो ऑडिओ’ असतं, ते चालू करा. मग एका कानातही सगळं गाणं ऐकू येईल. नाहीतर ‘1962–1966’ या संग्रहाची 2023ची आवृत्ती घ्या, त्यात सुरुवातीच्या कितीतरी गाण्यांतले आवाज आणि वाद्यं नव्यानं मिसळलेली आहेत.

जुनं गाणं नव्याच्या शेजारी मिणमिणतं वाटत असेल तर त्याचंही कारण आहे. 1990नंतर ध्वनिमुद्रणं अधिकाधिक मोठ्या आवाजात करायची चढाओढ लागली. जुन्या गाण्यात हळू आणि मोठ्या भागांत खरंच अंतर असायचं. ॲपमध्ये आवाज सारखा करण्याची सोय चालू ठेवा आणि जुनं गाणं थोडं मोठ्यानं ऐका.

शिवाय गाणं खरं आहे का ते पाहा. काही बँडनी आपलीच जुनी गाणी पुढे नव्यानं गाऊन ठेवली आहेत. डेफ लेपर्डनं कंपनीशी वाद झाल्यावर 2012मध्ये ‘पोअर सम शुगर ऑन मी’ पुन्हा ध्वनिमुद्रित केलं होतं. नावापुढे ‘लाइव्ह’, ‘रीरेकॉर्डेड’, ‘ट्रिब्यूट’ असं काही आहे का, आणि ते मूळ अल्बममधलंच आहे का, हे बघायला दहा सेकंद पुरतात.

सगळं ॲपवर सोडणं

गाण्यावरून रेडिओ लावला की ॲप साधारणपणे त्या गाण्याचे श्रोते आणखी काय ऐकतात ते पुढे ठेवतं. त्यामुळे आपण बाजूला सरकतो, मागे जात नाही. त्यात अकाउंट घरभर एकच असेल, सकाळी आजोबांचे अभंग आणि दुपारी धाकट्याची बालगीतं, तर सुचवणी कशी येणार! स्वतःची प्लेलिस्ट वेगळी ठेवा. गाणं कुणी लिहिलं, कुणी वाजवलं ही श्रेयनामावली उघडून बघा, मुलाखती वाचा, आवडता बँड मैफलीत कुणाची गाणी गातो ते शोधा. निर्वाणानं 1993मध्ये एमटीव्हीच्या अनप्लग्ड कार्यक्रमात मीट पपेट्सची तीन गाणी, डेव्हिड बोवीचं एक आणि शेवटी लेड बेली या जुन्या गायकाच्या रेकॉर्डवरचं एक लोकगीत गायलं. त्या एका कार्यक्रमातून महिनाभर ऐकता येईल एवढं मिळतं.

काका-मामांनो, एक विनंती

‘आमच्या वेळचं संगीत’ म्हणून पूर्ण कपाट मुलांपुढे उघडू नका. घरातल्या मुलीला काय आवडतं ते आधी बसून ऐका, दोन गाणी का होईना, आणि मग एकच गाणं सुचवा. ती दुसरं मागायला आली की दुसरं द्या.

एका बैठकीत निकाल

तीस सेकंदांत गाणं बदलायची सवय असलेल्या कानाला फ्लॉइडचं 23 मिनिटांचं ‘एकोज’ अवघड जाणारच. 1971च्या त्या रेकॉर्डची एक अख्खी बाजू ते एकटं व्यापतं. आणि इथेच युक्ती आहे: हे अल्बम दोन बाजूंसाठी बांधलेले असत, मध्ये उठून रेकॉर्ड उलटायला लागायची. म्हणून एका वेळी एकच बाजू ऐका, साधारण वीस-बावीस मिनिटं. ‘डार्क साइड’ची पहिली बाजू ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ला संपते, तिथे थांबा. ‘मनी’पासूनची दुसरी बाजू उद्या लावा, आणि मधली गाणी पुढे ढकलू नका, कारण ती एकमेकांत मिसळत जातात.