एल्डरफ्लॉवर लिक्युअरचे कॉकटेल घरी करताना

एल्डरफ्लॉवर लिक्युअर वापरताना सर्वांत आधी साखरेचा पाक बाजूला ठेवावा. युरोपातील एल्डर या झुडपाच्या पांढऱ्या फुलांपासून केलेले हे लिक्युअर, म्हणजे गोड, सुगंधी मद्य, मुळातच गोड असते, त्यामुळे कॉकटेलमधील गोडवा त्याच्याकडूनच घ्यायचा असतो. 2007 साली बाजारात आलेल्या सेंट जर्मेन या ब्रँडच्या एल्डरफ्लॉवर लिक्युअरमध्ये मद्यार्काचे प्रमाण 20 टक्के आहे. आपल्याकडील जिनमध्ये ते बहुधा 42.8 टक्के असते. म्हणजे एकट्या लिक्युअरने पेयाला कणखरपणा येत नाही, आणि तो आणण्यासाठी लिक्युअरच वाढवत गेले की हाती सरबत उरते.

सुरुवात जिनपासून करावी. जिन 45 मिली, लिक्युअर 30 मिली आणि ताज्या लिंबाचा रस 15 मिली हे माप माझ्या चवीला जमते. युरोपीय कृतींत पिवळे, मोठे लिंबू गृहीत धरलेले असते. ठाण्यातील जांभळी नाक्याच्या बाजारात मिळणाऱ्या आपल्या कागदी लिंबाचा वास अधिक उग्र असल्याने रस जरा जास्त झाला तरी लिची आणि पेअरची आठवण करून देणारा फुलांचा नाजूक सुगंध दबून जातो. रस आयत्या वेळी काढावा आणि लिंबू पार चोथा होईपर्यंत पिळू नये, कारण सालीतला कडवटपणा रसात उतरतो.

बर्फाची काळजी मात्र लिंबापेक्षाही अधिक घ्यावी लागते. ठाण्याच्या मे महिन्यातील दमट हवेत ट्रे ओट्यावर पाच मिनिटे राहिला तरी बर्फाला पाणी सुटते आणि पेय पांचट होते. शिवाय फ्रीझरमध्ये शेजारी सुरमई असेल, तर तिचा वास बर्फाला लागतोच. म्हणून ट्रे झाकणाचा असावा. शेकर नसल्यास घट्ट झाकणाची काचेची बरणी चालते. बर्फ अगदी शेवटी घालून दहा-बारा सेकंद जोराने हलवावे आणि लगेच गाळावे. त्यासाठी चहाची गाळणी घेऊ नये. ती कितीही घासली तरी चहाचा वास सोडत नाही.

उकाड्यात मला ह्यूगो अधिक आवडते. इटलीतील दक्षिण टायरॉलमध्ये 2005 साली जन्मलेल्या या पेयात आरंभी लेमन बाम या लिंबाच्या वासाच्या वनस्पतीचा पाक होता, एल्डरफ्लॉवर नंतर आले. मोठ्या ग्लासात भरपूर बर्फ, 30 मिली लिक्युअर, नाशिकची थंडगार ब्रूट, म्हणजे कमी गोड, स्पार्कलिंग वाइन 90 मिली आणि थोडा सोडा घालावा. जड लिक्युअर तळाशी बसते, म्हणून लांब चमच्याने एकदाच, तळापासून वर हलवावे. अधिक ढवळल्यास बुडबुडे निघून जातात. पुदिन्याची पाने कुटू नयेत, तळहातावर ठेवून एक टाळी वाजवावी आणि वरून सोडावीत.

महाराष्ट्रात अशा मद्यासाठी वयाची 25 वर्षे पूर्ण असणे आणि परवाना असणे आवश्यक आहे. न पिणाऱ्या पाहुण्यांसाठी एल्डरफ्लॉवरचे बिनमद्याचे सिरप, सोडा आणि लिंबू वापरावे; सिरप लिक्युअरहून गोड असू शकते, तेव्हा 15 मिलीपासून सुरुवात करून चव पाहत वाढवावे.