जुनं पिस्तूल घेताय? या चुका टाळा

लायसन्स हातात पडलं की काहींना दम म्हणून निघत नाही. दुसऱ्याच दिवशी फोन येतो, "जुनं विदेशी पिस्तूल मिळतंय, बत्तीस बोअर, अगदी तळहाताएवढं. बयाणा देऊन टाकू का?"

नको. आधी लायसन्सवर 'रिव्हॉल्वर' (फिरत्या चक्रीचं) लिहिलंय की 'पिस्तूल' ते वाचा. बत्तीस बोअर हे नळीचं माप; दोन्ही बत्तीसच म्हणवतात, पण काडतुसं वेगळी. आणि तुमच्या नावावर आधीच दोन बंदुका-पिस्तुलं असतील तर विषय संपला; शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर मर्यादा तीनवरून दोनवर आली आहे.

पिस्तुलावर कोरलेला नंबर लायसन्सवरच्या नंबराशी ताडून न बघणं ही माझ्या मते सगळ्यात महाग चूक. आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी असंच एक जुनं युरोपियन पिस्तूल पसंत केलं. पॉलिश आरशासारखं, त्यावरच भाळले. मी म्हटलं, "काका, भिंग आणा." ते हसले. पुढे व्यवहार कागदावर आला, तेव्हा विकणाऱ्याच्या लायसन्सवर शेवटचा आकडा 8 आणि फ्रेमवर, म्हणजे पिस्तुलाच्या सांगाड्यावर, 3! कुणीतरी तीस वर्षांपूर्वी तेलकट आकडा घाईत उतरवून घेतला होता. मग अर्ज, जबाब, पुन्हा अर्ज. पिस्तूल सात महिने शस्त्रांच्या दुकानदाराच्या तिजोरीत आणि काकांचे पैसे विकणाऱ्याकडे. मी आता खिशात भिंग आणि जुनं मलमलचं फडकं ठेवतो. तेल पुसतो, फ्रेम आणि स्लाइडवरचे (वरच्या सरकत्या भागावरचे) आकडे मोठ्याने वाचतो, समोरच्याला लायसन्सवरचे वाचायला लावतो. लोकांना गंमत वाटते. वाटू दे.

"माणूस घरचा आहे, पिस्तूल आज घेऊन जातो, कागद मागाहून करू." हे ऐकलं की मी चहा न पिता उठतो. विकणाऱ्याने घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवायचं, आणि त्यानंतर किमान 45 दिवस थांबायचं, असं शस्त्र कायदाच सांगतो. तेवढाही धीर नसेल त्याने पिस्तुलाच्या भानगडीत पडू नये.

मॅगझीन (काडतुसांची सुटी पेटी) काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं, हा दुसरा भ्रम. एका बैठकीत मालकाने मॅगझीन काढून टेबलावर ठेवलं आणि "रिकामं आहे हो" म्हणत नळी माझ्या पोटाकडे करूनच पिस्तूल पुढे केलं. मी ते खिडकीकडे वळवून स्लाइड मागे ओढली. नळीत उरलेलं पितळी काडतूस टुणकन उडालं आणि टीपॉयखाली घरंगळत गेलं. मालकाचा चेहरा पांढराफटक. आधी मॅगझीन बाहेर, मग स्लाइड मागे, मग डोळ्याने आणि बोटाने खात्री. हा क्रम मी बदलत नाही, आणि हे होईपर्यंत बोट चापाजवळ नेत नाही.

नळीत उजेड धरून बघा. गंजाचे खड्डे पॉलिशने जात नाहीत. चामड्याच्या होल्स्टरमध्ये कोकणातले पावसाळे काढलेलं पिस्तूल तर मी दुप्पट संशयाने बघतो. मॅगझीन एकच असेल तर भाव पाडा, जुन्या विदेशी पिस्तुलांना दुसरं मिळता मिळत नाही. स्प्रिंगा घरी बदलू नका, व्हिडिओ बघून तर मुळीच नको.

काकांचं पिस्तूल शेवटी त्यांच्या नावावर झालं. ते घ्यायला दुकानात आले, तेव्हा त्यांच्या खिशात स्वतःचं भिंग होतं.