क्वीन्समध्ये नवीन आलात? एकदा कम्युनिटी बोर्डाच्या सभेला या

दर उन्हाळ्यात आमच्या पूर्व क्वीन्समध्ये चार-पाच नवीन मराठी घरं येतात. कुणीतरी माझा नंबर देतं, मग फोन येतो. प्रश्न ठरलेले असतात: शाळा कुठली चांगली, मुलांचा डॉक्टर कोण, मंडळाचा गणपती कधी आणि 'काकू, न्यू जर्सीलाच जायला हवं होतं का?' शेवटच्या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. किराणा कुठे मिळतो हे तुम्ही विमानातून उतरायच्या आधीच शोधून ठेवलेलं असतं, त्यामुळे तेही सांगत नाही.

आपण राहतो त्या भागाचा कारभार कोण पाहतं, हे मात्र कुणी विचारत नाही. मीही दहा वर्षं विचारलं नव्हतं. त्याचे मला तीन हजार आठशे डॉलर पडले.

आम्ही २००९ मध्ये घर घेतलं. घरासमोरच्या साइडवॉकवर एक जुना मेपल आहे. म्हणजे होता. त्याच्या मुळांनी काँक्रीटचे दोन चौकोन चांगले वीतभर उचलले होते आणि पोस्टमन रोज तिथे ठेचकाळायचा. मी डोंबिवलीची. रस्ता पालिकेचा, फूटपाथ पालिकेचा, खड्डासुद्धा पालिकेचा, अशीच माझी समजूत. इथे तसं नाही. घरासमोरचा साइडवॉक नीट ठेवणं घरमालकाचं काम. झाडायचा त्यानेच, दुरुस्त करायचा त्यानेच, बर्फ काढायचा त्यानेच. झाडताना कडेच्या दगडापासून रस्त्यात अठरा इंचांपर्यंतचा कचराही आपलाच! हे कळल्यावर मी इतकी घाबरले की 'आपल्यातलाच' एक कॉन्ट्रॅक्टर गाठला. त्याने दोन दिवसांत मुळं तोडली, नवीन काँक्रीट ओतलं, रोख पैसे घेतले आणि वर चहाही पिऊन गेला.

तिसऱ्या दिवशी पलीकडच्या घरातल्या इटालियन आजी काठी टेकत आल्या. नव्या काँक्रीटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. 'किती घेतले?' मी आकडा सांगितला. त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, 'झाड शहराचं आहे. शहर फुकट करून देतं.'

तर हे आधी लिहून ठेवा. शहराच्या झाडाच्या मुळांनी साइडवॉक उचकटला असेल आणि घर एक ते तीन कुटुंबांचं असेल, तर ३११ ला, म्हणजे शहराच्या तक्रारींच्या फोन नंबरला, कळवायचं. पार्क्स खात्याचा माणूस येऊन पाहतो, किती उचकटलंय त्यावर क्रम लागतो, रांग लांब असते, पण पैसे पडत नाहीत. आणि शहराच्या झाडाचं मूळ पार्क्सच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, हेही मला आजींकडूनच कळलं. दंड झाला नाही, नशीब माझं. झाड मात्र तीन वर्षांत वाळलं. दर ऑक्टोबरला त्या रिकाम्या चौकोनाकडे बघून मला अजून वाईट वाटतं.

आमच्या ओळखीतल्या तीस-चाळीस मराठी, गुजराती घरांपैकी एकालाही हे माहीत नव्हतं. आजींना होतं, कारण त्या दर महिन्याला कम्युनिटी बोर्डाच्या सभेला जायच्या. 'पुढच्या सोमवारी सव्वासातला तयार राहा,' असा त्यांनी हुकूमच सोडला.

कम्युनिटी बोर्ड म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. न्यूयॉर्क शहरात असे ५९ बोर्ड आहेत, त्यातले १४ आपल्या क्वीन्समध्ये. एका बोर्डावर जास्तीत जास्त ५० सदस्य. त्यांना बरो प्रेसिडेंट, म्हणजे आपल्या क्वीन्ससारख्या शहराच्या एकेका विभागाचे प्रमुख, नेमतात, निम्मी नावं त्या भागातल्या कौन्सिल मेंबरांच्या शिफारशीने येतात. मुदत दोन वर्षं, पगार शून्य. हे नगरसेवक नव्हेत. नगरसेवक म्हणजे कौन्सिल मेंबर. ते ५१ आणि निवडून येतात. बोर्डाचं मत सल्ल्यापुरतं असतं, बंधनकारक नसतं. मग जायचं कशाला, असं नवरे लोक लगेच विचारतात. (आमच्याकडचे अजूनही विचारतात.) कारण जमिनीचा वापर बदलायचा प्रस्ताव आला की तो आधी बोर्डाकडे येतो, आणि त्यावर सुनावणी घेऊन मत द्यायला बोर्डाला ६० दिवस असतात. कोपऱ्यावर बार निघणार असेल तर दारूच्या परवान्याचा अर्ज करण्यापूर्वी ३० दिवस बोर्डाला कळवावं लागतं. शहराच्या बजेटसाठी आपल्या भागाला काय हवं, त्याची यादी बोर्ड दर वर्षी पाठवतं. या गोष्टी व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोचेपर्यंत ठरून गेलेल्या असतात.

माझी पहिली सभा एका शाळेच्या कॅफेटेरियात होती. लहान मुलांची बुटकी बाकं, भिंतीवर भाज्यांची चित्रं, समोर लांब टेबलांवर सदस्यांच्या नावाच्या पाट्या. आधी झेंड्याकडे तोंड करून शपथ, मग हजेरी. दारात एक कागद असतो, बोलायचं असेल तर त्यावर नाव लिहायचं. माझा विषय शाळेजवळच्या चौकात गाड्यांना थांबवणारा स्टॉपचा बोर्ड नाही, हा होता. सोसायटीच्या वार्षिक सभेच्या सवयीने मी दोन पानी भाषण लिहून नेलं होतं. अध्यक्षांचे आभार, सर्व सदस्यांचे आभार, मी कोण, कुठून आले, या शहराने मला काय दिलं, आणि 'आता मुद्द्याकडे वळते' म्हणेपर्यंत टायमर वाजला. तीन मिनिटं संपली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना वाटलं मी शहराचे आभार मानायलाच आले होते.

दुसऱ्या महिन्यात आजींनी माझा कागद हातात घेतला आणि चार ओळी सोडून सगळं खोडलं. कुठल्या दोन रस्त्यांचा चौक, मुलं किती वाजता ओलांडतात, काय घडलं, काय हवं. सोबत तारखांचे तीन फोटो. बोर्डाने वाहतूक खात्याला पत्र लिहिलं. खात्याने पाहणी केली आणि कळवलं की चौक निकषात बसत नाही. मी रडवेली झाले. आजी म्हणाल्या की पहिला नकार येतोच. शाळेच्या पालक संघटनेचं पत्र जोडून पुन्हा मागणी केली. एकोणीस महिन्यांनी स्टॉपचा बोर्ड लागला. लाल रंग अजून ताजा होता तेव्हा मी त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. लेकीला लाज वाटली, म्हणून फोटो तिनेच काढला आणि कुणालाही पाठवला नाही.

आता ३११ बद्दल. फोन करा, अॅप वापरा, काहीही करा, पण तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. नंबर घ्या. नंबर वहीत लिहा. बोर्डाच्या ऑफिसात पगारी माणसं मोजकीच, त्यांच्यावर डिस्ट्रिक्ट मॅनेजर असतो, आणि तुम्ही कितीही रडगाणं गायलंत तरी त्याचा पहिला प्रश्न एकच असतो: '३११ चा नंबर काय?' नंबर असेल तर तो संबंधित खात्याला फोन लावतो. नसेल तर सहानुभूती दाखवतो, जी फुकट मिळते आणि तेवढ्याच किमतीची असते. आपली माणसं ग्रुपवर चाळीस मेसेज टाकतात, 'दिवा तीन आठवडे बंद आहे, काय हे शहर!' आणि ३११ ला एकही फोन गेलेला नसतो. इंग्रजी बोलायला संकोच वाटत असेल तर दुभाषी मागता येतो, पण तुमचं इंग्रजी पुरेसं आहे. मागे उभ्या असलेल्या माणसाचंही तुमच्यासारखंच असतं.

भाड्याने राहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, आणि या मी प्रत्येकाला फोनवर दोनदा सांगते.

एक, हीट. १ ऑक्टोबर ते ३१ मे हा हीटचा मोसम. सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं की घरात किमान ६८ हवंच. रात्री बाहेर काहीही असो, घरात किमान ६२. हा कायदा आहे, घरमालकाचा मोठेपणा नव्हे. दहा डॉलरचा थर्मामीटर आणा, आकडे वेळेसकट लिहून ठेवा, आधी मालकाला सांगा, मग ३११. आपले लोक मालक 'देसी' आहे म्हणून गप्प बसतात आणि दोन स्वेटर घालून झोपतात. मालक देसी असला तरी बॉयलर देसी नसतो.

दुसरी, बेसमेंट. स्वस्त मिळतं म्हणून नवीन आलेली मुलं जमिनीखालच्या खोलीत राहतात. मी रागावते, पण समजतंही, कारण पहिला हिवाळा आम्हीही एल्महर्स्टमध्ये असाच काढला. २०२१ च्या १ सप्टेंबरला आयडा वादळाचा पाऊस कोसळला, तेव्हा शहरात १३ माणसं गेली, त्यातली ११ तळघरांत. बहुतेक इथे, क्वीन्समध्ये. खोली बघायला जाल तेव्हा भिंतीचा रंग बघू नका. बाहेर पडता येईल एवढी खिडकी आहे का, बाहेर जायला दुसरा रस्ता आहे का, ते बघा. नसेल तर नको म्हणा. आणि एक अवघड गोष्ट सांगून ठेवते: बेकायदा बेसमेंटची तक्रार केली तर इमारत खातं जागा रिकामी करायचा हुकूम काढू शकतं, आणि मग सामान तुमचंच रस्त्यावर येतं. म्हणून आत जायच्या आधीच विचार करा.

बर्फ रात्री ९ नंतर थांबला तर सकाळी ११ पर्यंत साइडवॉक मोकळा हवा. दिवसा थांबला तर चार तासांत. शेजाऱ्याच्या बाजूला ढकलू नका.

दारावर किंवा टपालात शहराचं समन्स आलं तर ते जाहिरातींच्या गठ्ठ्यात टाकू नका. सुनावणीची तारीख वर छापलेली असते, फोनवरूनही हजर राहता येतं. गेला नाहीत तर बाजू न ऐकताच दंड वाढवून लावतात. आमच्या गल्लीतल्या एका शहाण्याने अशी तीन समन्सं ड्रॉवरमध्ये साठवली होती.

लायब्ररीत आजच्या आज जा. कार्ड फुकट, इंग्रजीचे वर्ग फुकट, आणि २०२१ पासून उशिराचा दंडही नाही. शहराचं ओळखपत्र, आयडीएनवायसी, ते काढून घ्या.

'पण आम्ही नागरिक नाही, आम्हाला कोण विचारतं?' हे मी दर वर्षी ऐकते. ग्रीन कार्ड नाही, एच-वन आहे, म्हणून हे लोक सभेत येत नाहीत. सभा सगळ्यांना खुली असते, दारात कुणी व्हिसा बघत नाही. बोर्डावर सदस्य व्हायलाही नागरिकत्वाची अट नाही; शहरात राहायला हवं आणि त्या भागाशी घराचा, धंद्याचा किंवा कामाचा संबंध हवा. नवीन मुदत १ एप्रिलला सुरू होते, अर्ज हिवाळ्यात निघतात. सोळा वर्षांच्या मुलांनाही बोर्डावर घेता येतं. कॉलेजच्या अर्जासाठी मुलांना दहा क्लास लावता, त्यात हे एक बघा.

एक गोष्ट लिहू की नको असा विचार करत होते. इतक्या वर्षांत आपली माणसं एकाच सभेला गर्दी करून आलेली मी पाहिली, पन्नाससाठ तरी असतील. विषय होता बेघर कुटुंबांसाठीचा निवारा. घरांच्या किमती पडतील म्हणून विरोध करायला आले होते. माइकसमोर जे सगळ्यात मोठ्याने ओरडत होते, त्यातल्या दोघांनी स्वतःची पहिली दोन वर्षं दुसऱ्याच्या बेसमेंटमध्ये काढली होती, मला पत्ता माहीत आहे. विरोधाला हरकत नाही, मुद्दे मांडा. पण बसमार्ग बदलले तेव्हा, पार्कमधलं शौचालय वर्षभर बंद होतं तेव्हा, तुम्ही कुठे होता, असं एका सदस्याने शांतपणे विचारलं आणि त्यावर आमच्या बाजूला कुणाकडेच उत्तर नव्हतं. मी खाली मान घालून बसले.

आजी गेल्या त्याला पाच वर्षं झाली. त्यांची खुर्ची म्हणजे खिडकीजवळची तिसरी. तिथे आता मी बसते आणि शेजारची एक राखून ठेवते.

जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक बोर्डांच्या सभा नसतात, तेव्हा उन्हाळ्यात आलेल्यांनी सप्टेंबरची तारीख बोर्डाच्या ऑफिसला फोन करून विचारून घ्या. येताना स्वेटर आणा. आमच्या कॅफेटेरियातल्या एसीची किल्ली ज्याच्याकडे असते, तो माणूस साडेसहालाच घरी जातो.