पातेऱ्याखालची माती : भातकापणीनंतर रानजमिनीचे थर पाहून घ्यावेत

हळव्या (लवकर तयार होणाऱ्या) भाताची कापणी उरकलेली असते आणि गरवे (उशिरा तयार होणारे) भात अजून शेतात उभे असते, त्या आश्विन-कार्तिकाच्या दिवसांत कोकणातील रानाची जमीन पारखून घ्यावी. भर पावसाळ्यात खड्डा खणला तर त्यात पाणी भरते आणि कडा ढासळतात. माघ-फाल्गुनात तीच जमीन पहारीलाही दाद देत नाही. मधल्या थोड्या काळात माती ओलसर, मऊ आणि आपल्या खऱ्या रंगात असते, आणि पावसाळ्यात पाणी कुठवर चढून तुंबले याच्या खुणाही तिच्यात ताज्या असतात. ज्यांच्या वरकस (उताराच्या, हलक्या) जमिनीत ऐन, किंजळ, जांभूळ, कोकम यांचे रान अजून उभे आहे आणि येत्या जूनमध्ये त्याच्या काही भागात काजू, आंबा किंवा सुपारी लावण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांच्यासाठी हा सल्ला आहे. मुख्य मुद्दा आधीच सांगतो: आपल्याकडच्या रानमातीचे बहुतेक सारे बळ वरच्या वीतभर थरात असते, आणि जमीन तयार करण्याच्या पहिल्याच दिवशी आपण नेमका तोच थर घालवून बसतो.

असे का, हे समजून घेतले तर पुढची कामे आपोआप सुचतात. कोकणात बहुतेक ठिकाणी वर्षाला २,५०० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. अशा पावसात आणि उष्ण दमट हवेत लाखो वर्षे झिजत राहिलेल्या खडकातून सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश ही द्रव्ये विरघळून वाहून गेली आणि मागे मुख्यतः लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे उरली. जांभा दगड आणि त्यावरची तांबडी माती ही त्याच झिजेतून तयार झाली आहे. म्हणजे झाडाला लागणारी अन्नद्रव्ये खालून फारशी मिळत नाहीत. तरीही देवराईतील झाडे उंच आणि घनदाट वाढतात, कारण गळलेली पाने आणि काटक्या पावसाळ्यात भराभर कुजतात, आणि त्यांतून सुटलेली द्रव्ये वाहून जाण्याआधीच वरच्या थरातील बारीक मुळे आणि मुळांशी जोडलेल्या बुरश्या ती उचलून घेतात. रान तोडून पातेरा, म्हणजे जमिनीवर साचलेला पालापाचोळा, जाळला की हे चक्र तुटते. राखेच्या जोरावर पहिली एक-दोन वर्षे पीक बरे येते आणि मग खताचा खर्च वाढत जातो.

खड्डा रानाच्या कडेला, पण झाडाच्या खोडापासून दूर, साधारण तीन फूट लांब-रुंद आणि शक्य तितका खोल, निदान तीन फुटांपर्यंत खणावा. देवराईत किंवा देवरहाटीत खणू नये. सातबाऱ्यावर वनाची नोंद असेल तर कुदळ मारण्यापूर्वी वन विभागाकडे चौकशी करावी. ज्या बाजूवर ऊन पडते ती बाजू उभी, सरळ तासावी आणि तिच्यावर पाय देऊ नये, कारण थर तिथेच वाचायचे आहेत. वरची माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला टाकावी, म्हणजे पाहून झाल्यावर त्याच क्रमाने खड्डा बुजवता येईल. उघडा खड्डा गुरांसाठी धोक्याचा असतो. रस्त्यासाठी कापलेली बुटकी दरड किंवा चालू विहिरीचे खोदकाम जवळ असेल तर तेथेही थर पाहता येतात, मात्र उन्हावाऱ्याने बदललेला बाहेरचा भाग वीतभर आत तासून मगच पाहावे. उंच दरडीच्या पायथ्याशी उभे राहून हे काम करू नये.

सर्वांत वर पातेरा असतो. त्याचेही तीन पदर हाताने वेगळे करता येतात: वर यंदाची अखंड पाने, त्याखाली चाळणी झालेली, शिरा उरलेली काळसर पाने, आणि त्याखाली ओळखू न येणारी, बोटांना काळे करणारी भुसभुशीत कुजण. मधल्या पदरात पांढरे धागे दिसतात. ते पाने कुजवणाऱ्या बुरशीचे असतात, रोगाचे नव्हेत, म्हणून तेथे बुरशीनाशक मारू नये. आपल्या उष्ण हवेत कुजणे इतके वेगाने होते की थंड प्रदेशातील अरण्यांप्रमाणे जाड कुजण साठत नाही. ती बोटभर जाड असली तरी रान निकृष्ट आहे असे समजू नये. मात्र पातेऱ्याखाली थेट उघडी तांबडी माती लागली तर वरचा थर धुपून गेला आहे, किंवा पातेरा दरवर्षी उचलला जात आहे, असे समजावे.

त्याखालचा काळपट तपकिरी थर हाच आपला ठेवा. उतारावर तो चार बोटे असतो, सखल सपाटीवर वीत-दीड वीत मिळतो. या थरात बारीक मुळांची जाळी असते, गांडुळांची बिळे असतात, आणि मूठभर माती दाबून सोडली तर ती रव्यासारख्या कणांत सुटते. या कणीदार बांधणीमुळे पाऊस जमिनीवरून न धावता आत मुरतो. खात्री करायची असेल तर दोन्ही तोंडे उघडी असलेला डबा जमिनीत दोन बोटे रोवून त्यात ठरावीक पाणी ओतावे आणि ते जिरायला किती वेळ लागतो हे पाहावे. तोच प्रयोग शेजारच्या उघड्या, गुरे चरणाऱ्या जागेवर करावा. दोन ठिकाणांच्या वेळेतील फरक पाहिल्यावर पातेरा का राखायचा याबद्दल मनात शंका उरत नाही.

पुढे तांबडा किंवा पिवळसर तांबडा थर लागतो. येथे चिकणमातीचे प्रमाण वाढते, पण ही चिकणमाती देशावरच्या काळ्या मातीसारखी नसते. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की तिला मोठ्या भेगा पडतात. आपल्या तांबड्या मातीत मुख्यतः केओलिनाइट जातीची चिकणमाती असते, ती फारशी फुगत नाही आणि अन्नद्रव्येही कमी धरून ठेवते. शिवाय लोहाची ऑक्साइडे तिचे कण घट्ट बांधून ठेवतात, त्यामुळे पुष्कळ चिकणमाती असूनही पाणी वाळूतून जावे तसे खाली जाते. यावरून एक गोष्ट ठरते: नत्र आणि पालाश एकाच हप्त्यात देणे म्हणजे त्यातील मोठा भाग व्हाळाला (ओढ्याला) देणे होय. ही खते विभागून, पावसाचा जोर कमी असताना आणि सेंद्रिय खताबरोबर द्यावीत.

तांबड्या थराखाली जांभ्याची खडी आणि मग जांभा लागतो. चिरेखाणीत काम करणाऱ्यांना ठाऊक असते की जमिनीतला जांभा तुलनेने मऊ असतो, तो कापता येतो, आणि हवा-ऊन लागले की चिरा कठीण होतो. हाच गुण शेतीत नुकसान करतो. वरची माती आणि सावली निघून गेली की खालचा लोहयुक्त थर आलटून पालटून भिजत व वाळत जातो, घट्ट होतो, आणि एकदा असा घट्ट झालेला थर पुन्हा भिजवून मऊ होत नाही. म्हणून जांभा किती खोलीवर आहे याची नोंद करावी. तो फूट-दीड फुटावर असेल तर तेथील रान तसेच राखणे आणि लागवड दुसरीकडे करणे शहाणपणाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता रंगांकडे पाहावे, कारण पाण्याची हकिकत रंगच सांगतात. एकसारखा तांबडा रंग म्हणजे निचरा चांगला आणि हवा खेळती. पिवळेपणा वाढला तर तो भाग अधिक काळ ओला राहतो. राखाडी मातीत नारिंगी-तपकिरी ठिपके दिसले तर पावसाळ्यात पाणी त्या पातळीपर्यंत चढते आणि उतरते: पाणी तुंबले की हवा संपते, लोह विरघळते आणि माती फिकी पडते, पाणी उतरले की मुळांच्या वाटांनी हवा शिरते आणि तेथे गंज धरतो. सगळी माती निळसर राखाडी असेल आणि कुजलेल्या अंड्यासारखा वास येत असेल तर तेथे वर्षातील बराच काळ पाणी उभे असते. ठिपके जमिनीपासून किती खोलीवर सुरू होतात ते टेपने मोजून लिहून ठेवावे. दोन फुटांच्या आत ठिपके असलेल्या जागी काजू किंवा आंबा लावू नये. सुपारीला ओल हवी असते, पण तुंबलेले पाणी तिलाही सोसत नाही. तेथे चर काढून पाण्याला वाट करून देता येत असेल तरच विचार करावा.

रानातील कायम पाणथळ जागा मात्र हात न लावता सोडावी. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे येथे रानजायफळाच्या झाडांची गोड्या पाण्याची दलदल आहे. तिला २०२१ मध्ये राज्य शासनाने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. तेथील झाडांची मुळे गुडघ्यासारखी वाकून चिखलाच्या वर येतात, कारण तुंबलेल्या मातीत श्वासाला हवा नसते. आपल्या रानातील ओली खोलगट जागा इतकी दुर्मीळ नसेल, पण पावसाचे पाणी थोपवून खालच्या विहिरीला आणि पावसाळ्यानंतर घेतल्या जाणाऱ्या वायंगणी शेतीला हळूहळू पोचवण्याचे काम तीही करते. अशा जागेच्या साचलेल्या पाण्यावर तेलासारखा तवंग दिसला तर काडीने हलवून पाहावा. तो तुकड्या-तुकड्यांत फुटला आणि पुन्हा जुळला नाही, तर ते तेल नसून लोहाचा थर असतो. त्याच उताराच्या पायथ्याच्या खाचरात भाताची पाने तांबूस ठिपक्यांनी भरून येत असतील, तर वरून झिरपणारे लोह हे एक कारण असू शकते. अशी खाचरे कापणीच्या वेळीच हेरून ठेवावीत. वरच्या बांधालगत आडवा चर काढून झिरप बाजूला वळवावी, आणि पुढील हंगामात मध्ये एकदा पाणी काढून जमिनीला हवा द्यावी.

डोळ्यांनी जे कळत नाही ते माती परीक्षणाने कळते. फळबागेसाठी ० ते ३०, ३० ते ६० आणि ६० ते ९० सेंटिमीटर अशा तिन्ही थरांचे नमुने वेगळे घ्यावेत आणि रानाचा व उघड्या जागेचा नमुना एकत्र करू नये. नमुने सावलीत वाळवावेत. प्रत्येकी अर्धा किलो माती कापडी पिशवीत, खोली आणि जागा लिहिलेल्या चिठ्ठीसह, जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत द्यावी. अहवालात पुष्कळदा सेंद्रिय कर्ब चांगला पण उपलब्ध स्फुरद कमी असे दिसते, त्याने गोंधळू नये. आम्लधर्मी मातीतील लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला बांधून टाकतात, म्हणून स्फुरदयुक्त खत जमिनीवर न फेकता शेणखतात मिसळून मुळांच्या पट्ट्यात द्यावे. सामू (पीएच) ५.५ च्या खाली असेल तर ॲल्युमिनियम मुळांना बाधू लागते. तेव्हा चुना द्यावा, पण किती तो अहवालावरून ठरवावा आणि युरियाबरोबर कधीही मिसळू नये, कारण नत्र अमोनिया होऊन उडून जाते.

लागवडीची जागा ठरली की यंत्र आणण्यापूर्वी एक काम करून घ्यावे. पातेरा आणि काळपट थर मजुरांकडून किंवा यंत्रानेच, पण वेगळा खरवडून, कमरेपेक्षा उंच नसलेल्या ढिगांत लावावा आणि पाल्याने झाकावा. उताराचे सरसकट सपाटीकरण करून ही माती तांबड्या मातीखाली गाडणे हे माझ्या दृष्टीने कोकणातील नव्या बागांचे सर्वांत मोठे नुकसान आहे. ते कोणत्याही खताने भरून निघत नाही. एप्रिल-मे महिन्यात खड्डे घेताना वरची माती निराळी ठेवावी आणि भरताना तीच मुळांभोवती घालावी. समतल रेषेवर, प्रत्येक रोपापुरती ओटी (छोटी सपाट जागा) करून, मधला पट्टा झाडोऱ्यासह तसाच ठेवता आला तर उत्तम.

राहिला राबाचा प्रश्न. कवळ (झाडांच्या कोवळ्या फांद्या) तोडून, पातेरा गोळा करून दाढ, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेची जागा, भाजण्याची ही रीत जुनी आहे आणि तिच्यामागे तण मारण्याचा व राखेतून पालाश मिळवण्याचा अनुभव आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु भाजताना नत्र आणि गंधक धुरात जातात, आणि एकाच रानातून दरसाल पातेरा नेला तर तेथील कॅल्शियम व पालाश कायमचे खाली येतात. गादीवाफ्यावर शेणखत आणि भाताच्या तुसाची राख घालून रोपे तयार करता येतात. ज्यांना एकदम बदल करायचा नाही त्यांनी यंदा निम्मी दाढ अशी करून पाहावी. हिरव्या पाल्यासाठी बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावावे, म्हणजे ऐन-किंजळीवरचा कोयता थांबेल. रानातील पातेऱ्याऐवजी बागेतीलच गवत, गिरिपुष्पाचा पाला आणि पेंढा यांचे चार ते सहा बोटांचे आच्छादन दिवाळीनंतर लगेच, जमिनीत ओल असतानाच, झाडांच्या आळ्यात घालावे. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी, नाहीतर वाळवी लागते. वणव्यासाठी रानाच्या आणि बागेच्या हद्दीवर दहा फूट रुंदीचा पट्टा पौषाअखेर गवत कापून साफ करावा, आणि कापलेले गवत तेथेच न जाळता आळ्यांत आच्छादनाला वापरावे.