पुण्यात अ‍ॅपवरून भाड्याचा फ्लॅट शोधताना

अ‍ॅप उघडण्याआधी तीन आकडे कागदावर लिहून काढा: दरमहा घरावर एकूण किती खर्च झेपेल, हातात एकरकमी किती आहेत आणि ऑफिसला पोचायला जास्तीत जास्त किती मिनिटं लागलेली चालतील. हे ठरलेलं नसलं की माणूस रात्री बारापर्यंत फोटो चाळत बसतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दरमहाच्या आकड्यात सोसायटीचा मेंटेनन्स धरा. काही जाहिरातींत तो भाड्यातच असतो, काहींत वेगळा. त्यामुळे २२,००० आणि २४,००० अशा दोन फ्लॅटांपैकी दुसरा स्वस्त निघू शकतो. एकरकमी पैशांचं म्हणाल तर डिपॉझिट साधारण दोन ते तीन महिन्यांचं भाडं, पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ आणि एजंट असला की एका महिन्याचं ब्रोकरेज. २२,००० भाडं आणि तीन महिने डिपॉझिट धरलं तर ६६ + २२ + २२, म्हणजे १,१०,००० तिथेच झाले. करारनामा आणि टेम्पो धरून सव्वा लाखाची तयारी ठेवा.

मिनिटांचा हिशेब गूगल मॅप्सवर करा, पण निघण्याची वेळ सोमवार सकाळी साडेनऊ अशी टाकून. परतीचा प्रवास संध्याकाळी साडेसहाचा बघा. रविवारी दुपारी वाकडहून हिंजवडी फेज थ्री जवळच वाटतं. भूमकर चौकातली सोमवारची सकाळ वेगळी असते. ऑफिस मेट्रोच्या वाटेवर असेल, म्हणजे वनाझ ते रामवाडी किंवा पिंपरी ते स्वारगेट, तर अ‍ॅपच्या शोधपट्टीत उपनगराऐवजी स्टेशनचं नाव टाकून बघा. निकाल बरेच नेमके येतात.

आता फिल्टर. भाड्याची वरची मर्यादा बजेटपेक्षा दहाएक टक्के जास्त ठेवा, कारण घासाघीस होतेच. खालची मर्यादाही लावा. त्या भागातल्या दरापेक्षा निम्म्या भाड्यात सजवलेला टू बीएचके दिसला, तर ते बहुतेक आमिष असतं. क्रम ‘नवीन आधी’ असा लावा. तीन-चार आठवडे जुनी जाहिरात म्हणजे एकतर फ्लॅट गेलाय, नाहीतर न जाण्याला काहीतरी कारण आहे. ‘फॅमिली की बॅचलर’ या फिल्टरमध्ये खरं तेच टाका. मालक हो म्हणाला तरी सोसायटीची कमिटी सामान उतरवायच्या दिवशी अडवू शकते.

‘फक्त ओनर’ हा फिल्टर जरूर लावा, पण त्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. एजंटही ओनर म्हणून जाहिरात टाकतात. ओळखायची युक्ती सोपी: फोनवर विंग आणि फ्लॅट नंबर विचारा. मालक सांगून टाकतो, एजंट “या तर खरं, दाखवतो” म्हणतो. भागाच्या नावांवरही जाऊ नका. ताथवडे-पुनावळ्याचा फ्लॅट ‘वाकड’ म्हणून, म्हाळुंग्याचा ‘बाणेर’ म्हणून आणि वाघोलीचा ‘खराडी’ म्हणून सर्रास टाकला जातो. नकाशावरची पिनही अनेकदा अंदाजे असते. सोसायटीचं नाव विचारून ते मॅप्सवर स्वतः शोधा.

‘संपर्क करा’ दाबण्याआधी थोडं थांबा. त्या एका बोटानं तुमचा नंबर मालकाकडे, एजंटांकडे आणि टेम्पोवाल्यांपासून कर्जवाल्यांपर्यंत पोचू शकतो. घरात जास्तीचं सिम असेल तर तेच वापरा. लोकेशनची परवानगी ‘अ‍ॅप वापरताना’ एवढीच द्या. कॉन्टॅक्ट्सची देऊच नका, घर शोधायला ती लागत नाही. बऱ्याच अ‍ॅपमध्ये फुकट मिळणाऱ्या नंबरांची संख्या ठरावीक असते. ते उधळायचे नसतील तर आधी फोटो नीट वाचा.

फोटोत खोली मोठी दिसते ती वाइड लेन्समुळे. त्यावर उतारा म्हणजे फरशी मोजणं. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक इमारतींत व्हिट्रिफाइड टाइल दोन फूट बाय दोन फुटांची असते. फोटोत भिंतीलगत पाच टाइल दिसल्या की ती भिंत दहा फुटांची. बेडरूमच्या एका बाजूला जेमतेम साडेचार टाइल असतील, तर डबल बेड आणि कपाट समोरासमोर ठेवल्यावर दार उघडताना पंचाईत होणार. जाहिरातीतलं क्षेत्रफळ ‘सुपर बिल्टअप’ असू शकतं. त्यात जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटा असतो. तुम्हाला वापरायला मिळतो तो कार्पेट एरिया, तोच विचारा. जुन्या इमारतींत फरशीचं माप वेगळं, तिथे दाराच्या उंचीवरून अंदाज घ्या. दार साधारण सात फूट असतं.

पंख्यावर प्लास्टिकचं वेष्टण आणि खिडक्यांवर स्टिकर दिसले, तर फोटो ताब्याच्या वेळचे आहेत आणि मध्ये कितीतरी पावसाळे गेलेत. दहा फोटोंत बाथरूमचा एकही नसेल, तर तो मागून घ्या. किचनच्या फोटोत ओट्यापेक्षा ड्राय बाल्कनी बघा: वॉशिंग मशीनसाठी नळ आणि प्लग आहे की नाही. फोटो गूगल लेन्समध्ये टाका; तोच हॉल दुसऱ्या शहरातल्या जाहिरातीत सापडला तर विषय संपला.

मग फोन. पहिला प्रश्न पाण्याचा: “महापालिकेचं येतं की टँकर? एप्रिल-मेमध्ये काय करता? टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये की वेगळे?” शहराच्या कडेच्या उपनगरांत हा प्रश्न भाड्याइतकाच महत्त्वाचा. त्यानंतर पार्किंग (झाकलेलं की उघडं, नंबर दिलेला आहे का), लिफ्टला बॅकअप, लॉक-इन (म्हणजे घर सोडता येत नाही असा काळ) किती महिने, नोटीस किती, दरवर्षी वाढ किती टक्के आणि घर सोडताना रंगकामाचे पैसे कापणार का. हा शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि मग डिपॉझिटमधून महिन्याभराचं भाडं गेलं की भांडतात. मांसाहार, पाळीव प्राणी, येणारे-जाणारे पाहुणे हेही आत्ताच बोलून घ्या. “अहो, तो आत्ताच गेला, पण तसाच दुसरा आहे” असं उत्तर आलं तर ती जाहिरात गळ होती.

मालक परदेशात असेल (पुण्यात असे मालक पुष्कळ) तर करारावर सही कोण करणार ते विचारा. नातेवाईक करणार असेल तर त्याच्याकडे मुखत्यारपत्र हवं. अनिवासी भारतीय मालकाच्या भाड्यातून टीडीएस (आगाऊ कापला जाणारा आयकर) कापून भरायची जबाबदारी भाडेकरूवर येते, तेव्हा आधी सीएला विचारून घ्या.

फ्लॅट बघायला शक्यतो संध्याकाळी जा. सगळे नळ एकदम सोडा, फ्लश करा, गिझर दहा मिनिटं चालू ठेवा. सोबत मोबाइलचा चार्जर न्या आणि प्रत्येक प्लगला लावून बघा. बेडरूममधून एक फोनही करा, रेंज कळते. मान वर करून बाथरूमचं आणि त्यालगतच्या भिंतींचं छत बघा. एकाच कोपऱ्यात ताजा रंग म्हणजे आत ओल. निघताना वॉचमनशी दोन शब्द बोला, पाण्याचं खरं वेळापत्रक त्यालाच माहीत असतं.

पैशांच्या बाबतीत नियम एकच, फ्लॅटमध्ये उभं राहून कागद पाहिल्याशिवाय एक रुपयाही नाही. नेहमीची फसवणूक अशी चालते: समोरचा स्वतःला लष्करातला अधिकारी सांगतो, बदली झाली म्हणतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो आणि गेट पाससाठी किंवा बुकिंगसाठी थोडे पैसे मागतो. कधी उलट सांगतो, “क्यूआर स्कॅन करा, पैसे तुमच्याच खात्यात येतील.” यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.

मालकी तपासायचा घरबसल्या मार्ग म्हणजे वीजबिल. मालकाकडून ताजं बिल मागा. त्यावर महावितरणचा १२ अंकी ग्राहक क्रमांक असतो. यूपीआय अ‍ॅपमध्ये बिल भरण्याच्या जागी महावितरण निवडून तो क्रमांक आणि बिलावरचं बिलिंग युनिट टाका. पैसे न भरताही ग्राहकाचं नाव आणि थकबाकी दिसते. ते नाव, आधारवरचं नाव आणि ज्या खात्यात टोकन (फ्लॅट पक्का करायची आगाऊ रक्कम) जाणार त्या खात्याचं नाव जुळलं पाहिजे. नव्या इमारतीत मीटर अजून बिल्डरच्या नावावर असू शकतो, तेव्हा इंडेक्स टू, म्हणजे खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा, मागा. टोकन थोडंच द्या आणि कशासाठी, किती, व्यवहार फिसकटला तर परत कधी, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मालकाकडून ‘हो’ घ्या.

करार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात नोंदणी लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे. साध्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून भागवूया असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के: एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के दरानं धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर. वरच्या उदाहरणात २,४२,००० अधिक सुमारे ६,००० म्हणजे शुल्क सहाशेच्या थोडं वर. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये. एजंटनं करारासाठी सांगितलेला आकडा याच्याशी ताडून बघा. उरलेली रक्कम ही त्याची आणि घरी बायोमेट्रिक घ्यायला येणाऱ्याची फी. दोन साक्षीदारांचे आधार तयार ठेवा. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन भरली की त्याची पावती जपून ठेवा, सोसायटी ती मागतेच.

चावी मिळाली की सामान आत येण्याआधी वीजमीटरचं रीडिंग आणि प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवा. मग अ‍ॅपमध्ये जाऊन आपला शोध ‘घर मिळालं’ म्हणून बंद करा आणि अलर्टही काढून टाका. नाहीतर “सर, टू बीएचके बघताय ना?” हे दिवाळीपर्यंत ऐकावं लागतं.