खात्री, शक्यता, अपेक्षा: इंग्रजी बोलताना या चुका टाळा

‘तो घरी असेल’ म्हणताना आपण किती ठाम आहोत, हे मराठीत बरेचदा आवाजावरून कळतं. इंग्रजीत हे काम सहायक क्रियापदाचं. त्यामुळे सरसकट ‘मे बी’ वापरलं की पुरावा डोळ्यांसमोर असूनही आपण चाचपडतोय असं वाटतं. घरात दिवा आहे, दारात चपला आहेत, तर ‘ही मस्ट बी ॲट होम’ म्हणा. काहीच खूण नसेल तर ‘ही माइट बी ॲट होम’.

सगळ्यात जास्त घोळ नकारात होतो. दाराला कुलूप आहे, म्हणजे तो घरी नसणार. इथे ‘ही मसन्ट बी ॲट होम’ म्हटलं, तर ऐकणारा बहुधा ‘त्यानं घरी असता कामा नये’ असं समजेल. तर्काचा नकार ‘ही कान्ट बी ॲट होम’ असा करायचा. अमेरिकेत तर्कासाठी ‘मस्ट नॉट’ही म्हणतात, पण शिकताना ‘कान्ट’चीच सवय लावावी, ते ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे चालतं.

नकारात ‘कान्ट’ आलं म्हणून होकारात ‘कॅन’ लावू नका. ‘इट कॅन रेन टुडे’ हे चूक. आजच्या अंदाजाला ‘माइट’ किंवा ‘मे’ हवं. ‘इट कॅन गेट व्हेरी हॉट इन नागपूर’ मात्र बरोबर, कारण तिथे आजचा अंदाज नाही, नागपूरचा स्वभाव सांगितलाय.

भूतकाळात ‘ही मस्ट वेन्ट’ किंवा ‘मस्ट हॅज गॉन’ नको. ‘मस्ट हॅव गॉन’. कर्ता कोणीही असो, ‘हॅव’ बदलत नाही.

अपेक्षेसाठी ‘शुड’ छान आहे: वेळापत्रक पाहून ‘द बस शुड बी हिअर बाय फाइव्ह’. पण नको असलेल्या गोष्टीला ते शोभत नाही. बस उशिरा येईल असं वाटत असेल, तर ‘द बस विल प्रॉबब्ली बी लेट’ म्हणा.

आणि ‘डाउट’ जपून वापरा. ‘आय डाउट ही टुक द मनी’ म्हणजे त्यानं पैसे घेतले असतील असं मला वाटत नाही. संशय असेल तर ‘आय सस्पेक्ट ही टुक द मनी’. ऑफिसातल्या लेखी तक्रारीत हे दोन शब्द अदलाबदल झाले, तर ज्याच्याविरुद्ध लिहिलं त्याचीच बाजू घेतल्यासारखं होतं.