गावातलं सरकारमान्य देशीचं दुकान बंद करायचंय? दुकान गेल्यावर त्याची कामं कोण बघणार तेही आधीच ठरवा

आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबारकडे बऱ्याच गावांत बाया वैतागून दुकानावर चालून जातात, दोन दिवस शटर खाली राहतं आणि तिसऱ्या दिवशी परत सुरू. शहाद्याकडे 1970 च्या दशकात आदिवासी बायांनी गुत्त्यांवर जाऊन मडकी फोडली होती, तो इतिहास आपलाच आहे आणि त्याचा अभिमान पण आहे, पण आज लायसनवालं दुकान कायमचं बंद करायचं असेल तर मतदानाचा रस्ता आहे, 25 मार्च 2008 च्या शासन आदेशातला. आडवी बाटली म्हणतात तो हाच.

थोडक्यात सांगतो. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी किमान 25 टक्के बायांनी (किंवा एकूण मतदारांपैकी 25 टक्के लोकांनी) सही करून दुकान बंद करा असं निवेदन द्यायचं, एक प्रत कलेक्टर ऑफिसला, एक राज्य उत्पादन शुल्कच्या अधीक्षकांना, आणि दोन्हीकडची पोच घ्यायचीच. मग सह्यांची पडताळणी होते, नंतर गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. आडवीला निम्म्याहून जास्त मतं पडली की कलेक्टर बंदचा आदेश काढतात.

आता इथेच गावं हरतात, नीट वाचा. निम्मी म्हणजे झालेल्या मतदानाच्या निम्मी नाही, यादीत जेवढ्या बाया आहेत त्या सगळ्यांच्या निम्म्याहून जास्त. समजा यादीत 1200 बाया आहेत, तर सह्या 300 लागतील आणि आडवीला 601 मतं लागतील. मतदानाला 700 आल्या, त्यातल्या 580 जणींनी आडवीला दिलं, तरी दुकान तसंच राहतं. घरी बसलेली बाई, सुरतला कामाला गेलेली बाई, वारलेली पण नाव न कमी झालेली आजी, ही सगळी मतं उभ्या बाटलीच्याच खात्यात जातात असं धरून चाला.

म्हणून पहिलं काम घोषणा नाही, पहिलं काम मतदार यादी. प्रिंट काढा, ओट्यावर बसा, गल्लीवार एकेक नाव वाचा, प्रत्येक घरी विचारा "नाव शे ना यादीमा?" ज्या वारल्या किंवा लग्न होऊन गेल्या त्यांची नावं कमी करायला बीएलओकडे (गावातली मतदार यादी सांभाळणारा सरकारी कर्मचारी) फॉर्म 7, नव्या सुनांसाठी फॉर्म 6, नाहीतर पत्ता बदलायचा असेल तर फॉर्म 8. हे काम कंटाळवाणं आहे पण निम्मी लढाई इथेच जिंकली जाते, मी तर म्हणेन यादी साफ होईपर्यंत सह्यांचा कागद बाहेर काढूच नका.

वेळ पण आपल्या भागाप्रमाणे बघा. कापूस वेचणीत कोणी बाई रोज बुडवून चावडीवर येणार नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि गुजरातला गेलेली घरं अर्धा गाव रिकामा करून जातात. सातपुड्याकडची माणसं होळीला घरी येतात, सह्या तेव्हा घ्या. मतदानाची तारीख आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) दिवसांत मात्र नको, कारण गावच्या सुना माहेरी गेलेल्या असतात आणि ज्या लेकी झोक्यावर बसायला गावात आल्यात त्यांची नावं सासरच्या यादीत. आखाजी उरकल्यावर, पेरणीच्या आधी, हा काळ सगळ्यात चांगला. तारीख आपल्या हातात नसते हे खरं, पण निवेदन कधी द्यायचं ते असतं, आणि तहसीलदारांना लेखी विनंती करता येते.

सह्या 25 टक्क्यांवर थांबवू नका, बऱ्याच जास्त घ्या. पडताळणीला साहेब लोक येतात, बाईला समोर बोलावून विचारतात ही सही तुमचीच का, आणि बाजूला दुकानवाल्याची चार माणसं उभी, कधी स्वतःचा नवराच उभा. बाई घाबरून नाही म्हणते आणि सही बाद. कुठे यादीत सुनंदाबाई आणि कागदावर नुसतं सुनंदा, कुठे अंगठ्यापुढे नावच नाही. त्यामुळे प्रत्येक सहीपुढे यादीतला अनुक्रमांक आणि मतदार कार्डाचा नंबर लिहा, आणि त्या दिवशी बायांना एकेकटं न पाठवता गल्लीच्या गल्ली सोबत घेऊन जा, बचत गट असतील तर त्यांच्यावर हे काम सोपवा.

गाव पेसात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) येत असेल, म्हणजे अक्कलकुवा, धडगाव सगळा, शिवाय साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेरमधली काही गावं, तर 1996 च्या पेसा कायद्याप्रमाणे मादक पदार्थांच्या विक्रीवर बंदी किंवा नियंत्रण आणायचा अधिकार ग्रामसभेलाही आहे. तिथे पूजेला लागणारी मोहाची आणि धंद्याची दारू यात फरक करून ठराव लिहा, नाहीतर म्हाताऱ्या माणसांना वाटतं आपल्या देवावरच बंदी आली आणि ती विरोधात जातात.

आता दुसरा भाग, जो बहुतेक गावं विसरतात. आदेश आला, साठा मोजून पंचनामा झाला, सील लागलं, गुलाल उधळला. दुसऱ्या दिवशी सकाळी पिणाऱ्याचे हात थरथरतातच. दुकान होतं तेव्हा निदान माल कुठून येतो, किती विकला याचं रजिस्टर होतं, इन्स्पेक्टर तपासायला येत होता. ते गेलं की ती जागा हातभट्टी घेते, आणि हातभट्टीत काय टाकलंय ते कोणालाच माहीत नसतं. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 ला दारूबंदी झाली आणि 2021 ला ती उठवताना सरकारने अवैध दारूचंच कारण पुढे केलं. म्हणून मतदानाच्या आधीच ग्रामसभेत कामं वाटून ठेवा.

नजर ठेवायचं काम ग्रामरक्षक दलाकडे द्या, 2016 च्या दुरुस्तीने दारूबंदी कायद्यात त्याची तरतूद आलेली आहे, त्यात बाया पाहिजेतच. दलाने स्वतः मारहाण, झडती करायची नाही, पोलीस पाटलांना आणि 112 ला कळवायचं, आणि तक्रार लेखी द्यायची. तोच माणूस परत परत सापडला तर कलम 93 खाली चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घ्या अशी मागणी करा, नुसत्या दंडाने काही होत नाही, तो दोन दिवसांत वसूल होतो.

पिणाऱ्यांचं काम आशाताई आणि आरोग्य केंद्राकडे. रोज पिणाऱ्याची एकदम बंद झाली तर घाम, थरथर, भास, फिट असं होऊ शकतं, जीव पण जाऊ शकतो, त्याला खोलीत कोंडून ठेवू नका, भगताकडे नेऊ नका, सरळ सिव्हिलला न्या. नशामुक्तीची सरकारी हेल्पलाईन 14446 आहे, नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्या.

दुकानात काम करणारी पोरं आणि बाहेर अंडी-भजीची गाडी लावणारी मावशी यांच्याशी आधीच बोला, त्यांचं पोट त्या दुकानावर होतं. गाडीला बसस्टॅंडवर जागा द्या, पोरांना रोजगार हमीचं कार्ड काढून द्या, नाहीतर हीच माणसं उद्या पिशवीतून क्वार्टर विकतील. आणि कोणी म्हणालं की गावाचं उत्पन्न बुडेल, तर सांगा की उत्पादन शुल्क राज्याच्या तिजोरीत जातं, ग्रामपंचायतीत नाही.

शेवटचं, दुकानदार अपिलात जातो, हायकोर्टात औरंगाबाद खंडपीठापर्यंत जातो. तेव्हा निवेदनाची पोच, पडताळणीचे कागद, निकालाची प्रत सगळं एका फाईलमध्ये दोन घरी ठेवा. आणि गावातलं दुकान बंद झालं म्हणजे लायसन मेलं असं नाही, ते दुसऱ्या गावात हलवायचा प्रयत्न होतो, बऱ्याचदा शेजारच्या शिवारातच, तीन किलोमीटरवर. त्यामुळे निकाल लागला त्याच आठवड्यात शेजारच्या गावच्या बायांना जाऊन भेटा आणि त्यांच्या ग्रामसभेत ना-हरकतीचा विषय कधी येतोय त्यावर लक्ष ठेवायला सांगा.